रडका धातू

तिसरी कांडीही मुकीच निघाली. मी ती टेबलावर आपटली.

"शिसं मिसळलंस. शिसं मुकं असतं, इंडियम रडतो. कधीपासून चाललंय हे?"

"दादा, आईशप्पथ, भट्टीत मी काही घातलं नाही," धाकटा म्हणाला. "निदान वजन तरी करून बघ!"

माझ्या कानापुढे तराजू! तीस वर्षं मी या कारखान्यात इंडियम कानानं पारखतोय. चांदीसारखा पांढरा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ धातू. जस्ताच्या भट्टीतल्या गाळातून चिमूटभर निघतो, म्हणून महाग. कांडी वाकवली की आतून बारीक किरकिरतो, तेच त्याचं रडणं. पण आवाज इतका नाजूक, की कानाशी धरणाऱ्यालाच कळतो. दुसऱ्या कुणाला मी कांडीला हातही लावू देत नसे. धाकट्याला मी बाहेर बाकावर बसवलं.

साहेब चार वाजता अहवाल न्यायला येणार होते. 'दोष कोणाचा' या रकान्यात भावाचं नाव लिहिलं. त्याला भट्टीवर मीच लावलं होतं. उद्यापासून तो चोर. मग कुठली भट्टी त्याला दारात उभं करणार? आणि आईला काय सांगू?

खरं रडणं त्याच्या कानात घालावं, म्हणजे कबूल तरी करील, म्हणून खणातून, मला ही पारख शिकवणाऱ्या वस्तादांनी दिलेली अस्सल कांडी काढली. आधी स्वतः वाकवली. काही नाही. डावा कान, उजवा कान. ढिम्म.

वस्तादांची कांडी खोटी असणं शक्य नव्हतं. माणसांचं बोलणं, भट्टीची धडधड, सगळं ऐकू येत होतं. फक्त घरची बारीक आवाजाची बेल गेले काही महिने वाजत नव्हती. दोनदा बदलली, दुकानदाराला शिव्या घातल्या. "बेलला काही झालेलं नाही हो," बायको म्हणाली, तर तिच्यावरच खेकसलो.

वस्ताद सांगायचे, हा धातू शोधणाऱ्याला रंगच ओळखू येत नव्हते. त्यानं सोबत्याला बघायला बसवलं, तेव्हा जळत्या खनिजाच्या प्रकाशात ती अनोळखी गडद निळी रेघ सापडली. मी हसायचो. दिसत नाही तर शोधायला निघावं कशाला?

धाकट्याला आत बोलावलं. त्याच्याच भट्टीतून निघालेली चौथी कांडी त्याच्या कानाशी धरून वाकवली.

"रडतेय की, दादा. चांगली रडतेय. तुला..." त्याची नजर माझ्या कानाकडे गेली.

जिन्यात साहेबांची पावलं वाजली. ती मात्र मला स्वच्छ ऐकू आली. मी रकान्यातलं त्याचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं.