टोवेच्या हातची काच

"नाहीये इथे," मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता व्हिलाड्स म्हणाला.

"जागेचे आकडे नीट लावलेस का?"

"तिसऱ्यांदा लावतोय, टोवे. तिथे नुसती जेली आहे. कोश नाही."

टोवे क्लिटगोर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ती काच कालच तिच्या हाताखालून गेली होती. कोश बसवलेली जेली कडेनं आक्रसायला लागली म्हणून तिनं चारी बाजूंना नेलपॉलिश फिरवून ती बंद केली होती. तेव्हा वरची पातळ काच केसभर जरी सरकली असेल, तर खालचा कोश चिरडला असणार. साडेपाच कोटी वर्षं चिखलात शाबूत राहिलेली वस्तू, आणि ती फुटावी टोवेच्या हातून, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवशी!

व्हिलाड्स क्रोगने दोन वर्षं त्या कोशापायी घालवली होती. डायनोफ्लॅजेलेट म्हणजे समुद्रातला एकपेशी जीव. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती टणक कवच करून तळाशी झोपतो, आणि बरे दिवस आले की कवचाला एक दार पाडून निघून जातो. मागे उरतं ते रिकामं घर. या जातीच्या दाराचा आकार आजवर कुणी पाहिलेला नव्हता, आणि दारासकट अख्खा असा कोश एकच सापडला होता. बाकी सगळे तुकडे. नव्या जातीचं वर्णन ज्या कोशावरून करायचं, तो संग्रहात हजर असावा लागतो. तो हरवला तर नव्या जातीचं बारसं करायला कुणी धजत नाही. पुन्हा शोधावा म्हटलं तर ज्या बोअरच्या दगडातून तो निघाला, तो दगडही संपलेला. त्याचा शेवटचा तुकडा टोवेनंच आम्लात विरघळवला होता.

"काल ही काच कुठे बसून पाहिलीस?" तिनं विचारलं.

"इथेच. म्हणजे... इथेच की." व्हिलाड्सचे कान लाल झाले.

"आणि काचेवरच्या चिठ्ठीवर हा कागद कशाला चिकटवलायस?"

"ते सांगतो नंतर."

टोवेला ते लागलं. हा आपल्याला सांभाळून घेतोय, निरोपाच्या दिवशी बाईला कशाला दुखवा म्हणून. तिला दया नको होती.

"हे बघ, माझी चूक असेल तर तोंडावर सांग. मी उत्तर जटलंडची आहे. आम्ही तिकडची माणसं रडत नाही. फार तर केक आणीन."

या प्रयोगशाळेचा कायदाच होता तो: ज्याची चूक, त्याचा पुढच्या शुक्रवारी केक. अडतीस वर्षांत टोवेनं चुकीपायी केक आणले होते तीन. व्हिलाड्सनं सहा वर्षांत अकरा.

"तुझी चूक आहे असं मी म्हटलंय का?" तो पुटपुटला. आणि वही पुढे ओढताना वहीखालची किल्ली खणकन खाली पडली.

टोवेनं ती उचलली. किल्लीला लाल लोकरीचा गोंडा होता. तळघराची किल्ली. तळघरात आता कुणी फिरकत नसे. तिथे फक्त जुन्या प्राध्यापक रोसेनशोल्डांचा मायक्रोस्कोप कापडाखाली झाकून ठेवलेला होता. टोवे क्षणभर किल्लीकडे बघत राहिली आणि मग खो-खो हसत सुटली.

"अरे गाढवा! तू म्हाताऱ्याच्या मायक्रोस्कोपवर आकडे घेतलेस?"

"मग काय झालं? आकडे वाचायची, चौकटी आखलेली काच तीच होती. ती सगळीकडे सारखीच चालते."

"चालते ना, चिठ्ठी डावीकडे असेल तर! म्हातारा डावखुरा होता. त्याच्या मायक्रोस्कोपवर काच बसते ती चिठ्ठी उजवीकडे ठेवूनच. त्याचे आकडे उलटे करण्यात माझी वीस वर्षं गेली. ऊठ."

ती खुर्चीत बसली. काच काढली, उलट दिशेनं फिरवली, चिठ्ठी उजवीकडे आणली आणि तेच आकडे लावले.

कोश तिथेच होता.

फिकट सोनेरी, गोल. अंगभर काटे, प्रत्येक काट्याच्या टोकाला तीन फांद्या. आणि वरच्या अंगाला ते दार, सगळ्या कडा धडधाकट. टोवे बघतच राहिली. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याउभ्याच दोन घास खावेत, तशी तिची अडतीस वर्षं गेली होती. दगड विरघळवा, गाळा, धुवा, काचेवर मांडा. आत काय आहे ते दुसऱ्यांनी बघायचं. निवांत बसून एक कोश बघणं तिला कधी जमलं नव्हतं.

"किती देखणा आहे रे," ती हळूच म्हणाली. मग एकदम वर बघून, "पण तळघरात कशाला मरायला गेला होतास?"

"तू दर दहा मिनिटांनी माझ्या खोलीत येतेस म्हणून," व्हिलाड्स म्हणाला. त्यानं चिठ्ठीवरचा कागद सोलून काढला. खाली पेन्सिलनं जातीचं नाव लिहिलेलं होतं: क्लिटगार्डिए.

टोवेनं ते दोनदा वाचलं. हे तिच्या बापाचं आडनाव, क्लिटगोर, लॅटिन वेशात. तिनं लग्न केलं नाही, भाऊ नव्हता. तिच्यामागे ते लावणारं कुणी उरणार नव्हतं.

"मला विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." तिनं नाक पुसलं. "हिर्ट्सहाल्सच्या मासळीच्या कारखान्यातून आले मी. शाळा नववीपर्यंत. म्हातारा म्हणाला, जिला हेरिंग माशाचा काटा न मोडता काढता येतो तिला मी बाकीचं शिकवीन. दुसऱ्या कुणी मला दारातसुद्धा उभं केलं नसतं. आणि तू... उपकार झाले रे तुम्हा सगळ्यांचे."

"उपकार कसले! तुझ्या काचा नसत्या तर आम्ही काय दगड चाटत बसलो असतो?" व्हिलाड्स म्हणाला. त्यानं शाईचं पेन पुढे केलं. "पक्कं नाव तू लिही. ड्रॉवरमधल्या सगळ्या चिठ्ठ्या तुझ्याच अक्षरात आहेत. ही एकच वेगळी कशी चालेल?"

खालून कुणीतरी हाक मारली. तीन वाजले होते. तिच्या निरोपासाठी टेबलावर रिवाजाप्रमाणे छोटा झेंडा लावून, कॉफी ओतून मंडळी खोळंबली होती.

"आले!" टोवे ओरडली. "पुढच्या शुक्रवारी तुझा केक, व्हिलाड्स. बारावा."

"पुढच्या शुक्रवारी तू असणार आहेस थोडीच."

"केक खायला येईन की."

मग तिनं चष्मा लावला आणि नाव लिहिलं, आजूबाजूच्या चिठ्ठ्यांवर होतं तेवढ्याच अक्षरांत, जराही मोठं नाही. खालच्या कोपऱ्यात, काच तयार करणाऱ्याच्या जागी, सवयीनं 'टो. क्लि.' असंही लिहिलं. काच तिच्या क्रमांकाच्या खाचेत ठेवली, चिठ्ठी डावीकडे. खालून पुन्हा हाक आली. शाई वाळेपर्यंत तिनं ड्रॉवर उघडाच ठेवला.