पुस्तकाबाहेरचा चहा

परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवणाऱ्या त्या शाळेत एक नियम होता: वर्गात फक्त पुस्तकी भाषा. घरात, बाजारात माणसं जी अरबी बोलतात, तिचा एक शब्दही फळ्यावर चढता कामा नये. हा नियम मोडला म्हणून संचालकांनी वरच्या वर्गाच्या मास्तरांना नुकतंच घरी पाठवलं होतं. त्यामुळे खालच्या वर्गाच्या बाई धास्तावल्या होत्या. तास संपत आला की दार लोटून त्याही घरगुती बोली शिकवायच्या, आणि घर तर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

अशात वर्गात एक वयस्क विद्यार्थी आले; सगळे त्यांना काका म्हणू लागले. उभा जन्म परदेशात गेला, ही भाषा काही शिकलो नाही, असं ते मोडकंतोडकं सांगत. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना लिहिताना पाहिलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. नवशिका माणूस एक अक्षर काढतो, लगेच त्याचे ठिपके देतो, मग घाम पुसतो. काकांनी सबंध शब्द एका दमात ओढला आणि ठिपके मागाहून दिले, भाजीवर मीठ भुरभुरावं तसे. असं लिहायला हात मुरलेला लागतो.

संचालकांनी पेरलेला माणूस, दुसरं काय! बाईंनी ठरवूनच टाकलं. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की साध्या खोकल्यातही खूण ऐकू येते. काका खिडकीबाहेर बघत असले तरी बाईंना वाटे, हा मेला सगळं मनात टिपून घेतोय. घरगुती बोली बंद झाली. दार सताड उघडं राहू लागलं.

फटका बसला तो शिडीला. ताडमाड उंच म्हणून वर्गाने त्या मुलीला हे नाव ठेवलं होतं. तिचं इथल्याच एका मुलाशी लग्न ठरत होतं.

"बाई, त्याच्या आईला पुस्तकातलं काही कळत नाही हो," ती काकुळतीला आली. "निदान चहाचं तरी विचारता यायला हवं मला."

"पुस्तकात आहे तेवढंच," बाई तुटकपणे म्हणाल्या. काका शेजारीच बसले होते ना!

मग बिचारी घोकत बसली, 'आपण चहासमवेत शर्करेचे सेवन कराल काय?' ते ऐकताना काकांचं तोंड कडू होई.

शेवटी बाईंना राहवेना. फळ्याकडे तोंड करून, सपाट आवाजात त्या घरगुती बोलीत म्हणाल्या, "काका, खुर्चीखाली विंचू आहे."

वर्ग खाली मान घालून लिहीत राहिला. काकांचे दोन्ही पाय मात्र वर!

तास सुटल्यावर बाईंनी त्यांना अडवलं. "कोणी पाठवलंय तुम्हाला? संचालकांनी?"

"कोण संचालक?" काका आता अस्सल घरगुती बोलीत बोलू लागले. "मला बायकोने पाठवलंय. ही शिडी आमची सून व्हायचीय. तिने मला कधी पाहिलेलं नाही, म्हटलं गुपचूप बघून यावं. माझी बायको शाळेची पायरी चढलेली नाही हो, तिला घरचंच बोलणं कळतं. आणि ही पोरगी नुसतं शर्करा-शर्करा करते! दोघी काय जन्मभर मुक्या बसणार? उद्या मी पोराला नाही म्हणून सांगणार आहे."

बाईंना आपली चूक उमगली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणाऱ्या आपणच.

"उद्याचा एक तास बसा," त्या म्हणाल्या. "मग काय सांगायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पुस्तकं मिटायला लावली. घरगुती वाक्यं एकामागून एक फळ्यावर चढली. वर्ग रंगात आला, आणि दार लोटायचं राहिलंच. संचालक दारात येऊन उभे राहिले. बाईंना भीती वाटली, फार वाटली. तरी त्या शिडीला म्हणाल्या, "काकांना तुझी सासू समज. विचार."

शिडी वळली. "आई, चहात साखर किती घालू?"

आपण नवशिके आहोत हे काका साफ विसरले. "घाल गं पोरी दोन चमचे. डॉक्टर नको म्हणतात, तेव्हा तुझ्या सासूला मात्र सांगू नकोस."

शिडीला अख्खं वाक्य कळलं होतं, आणि समोर कोण बसलंय तेही. ती काकांकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाई," संचालक म्हणाले, "माझ्या खोलीत या."

"येते," बाई म्हणाल्या. "हिला सासऱ्यांना एवढं उत्तर देऊ दे."