वाईनबरोबर नुसतं मीठ

"आपल्याच घरात चोरासारखं बसायचं का गे?" सासूबाई अंबुजाच्या कानाशी पुटपुटल्या. मद्रासेत दारूबंदी, म्हणून मे महिन्यातल्या ऐन कत्तरीच्या उन्हाळ्यात नुंगंबाक्कमच्या त्या घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या. अंबुजाचा नवरा अनंतकृष्ण दोन वर्षं जपानात काम शिकून परतला होता आणि येताना तिथल्या पांढऱ्या वाईनची बाटली कपड्यांत गुंडाळून घेऊन आला होता.

आल्यापासून तो अंबुजाशी धड बोलला नव्हता. आज तरी बोलेल, या आशेनं तिनं भोपळ्याची भजी तळली, सोबत नारळाची चटणी वाढली.

"चटणी नको. ह्या वाईनबरोबर नुसतं मीठ," तो म्हणाला. भज्यांचं पीठ बर्फाच्या पाण्यात कालवायचं, तेही पातळ. सोबतची काकडी चिरायची नाही, हातानं मोडायची. सांगता सांगता त्याचा चेहरा असा उजळला, की लग्नाच्या बोहल्यावरही तिनं तसा पाहिला नव्हता.

सासरे छताकडे बघू लागले. सासूबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. एवढ्या मायेनं कुठलं हॉटेल शिकवत नाही, हे न कळण्याइतकं तिथं कोणी दूधखुळं नव्हतं.

अंबुजानं कपाळावरचा घाम पुसला.

"तिचं नाव काय?" तिनं विचारलं.