खिसे शिवून टाक

मशीनवर बसून कंबरेचा काटा ढिला झाला होता, आणि त्यात माझी लेक शाळेचा युनिफॉर्म घेऊन पुढ्यात उभी. म्हणे, "आई, याचे खिसे शिवून टाक."

मुलखाची अबोल पोर. एक शब्द काढायचा तर दहा वेळा विचारावं लागतं. खिसे उलटे केले तर पेन्सिलीचा भुगा, चघळलेलं च्युइंगगम, नाक पुसलेले कागद. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली भरतात म्हणे. बाकावरची मैत्रीणही हल्ली त्यांच्यात जाऊन हसते.

"उद्या येतेच शाळेत. एकेकीची खरडपट्टी काढते."

"तू आलीस तर मी शाळेत जाणारच नाही."

आणि खरंच गेली नाही. सकाळी पोट दुखतंय म्हणाली, दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग येत होता आणि रडूही. पण गिऱ्हाइकं थोडीच थांबतात?

त्या संध्याकाळी एक बाई लेकीला घेऊन आल्या, युनिफॉर्म शिवायला. अख्ख्या घराचे कपडे माझ्याकडे टाकणाऱ्या बाई. मी मुलीच्या खांद्याला टेप लावला, तशी कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या माझ्या पोरीची मान आणखी खाली गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गळ्याचं माप घेताना मनात काय काय आलं, ते न सांगितलेलं बरं.

"अगं, तुम्ही एकाच वर्गात ना?" बाई कौतुकाने म्हणाल्या. "मैत्रिणी असाल मग."

पोर नेहमीसारखी मान डोलावेल असं मला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज कसला, पुटपुटणंच ते. "ही माझ्या खिशात कचरा भरते."

ती मुलगी भिंतीकडे बघत राहिली. बाईंचा चेहरा उतरला. "लहान मुलांचं काय मनावर घ्यायचं," त्या मला म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

बाई माझ्याकडे बघत होत्या आणि पोरही. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"ताई, माझी पोर खोटं बोलत नाही," एवढंच म्हणाले.

बाईंनी कापड पिशवीत कोंबलं आणि लेकीला ओढतच निघून गेल्या. मी मशीनवर डोकं टेकलं.

बऱ्याच वेळाने पोर जवळ आली. "माझ्यामुळे गिऱ्हाईक गेलं ना?"

"गेलं उडत."

तिने टेप गुंडाळून मशीनवर ठेवला. मग म्हणाली, "सकाळी उठव मला. शाळेत जाते."