गल्लीच्या टोकापर्यंत

धुळ्याला माझ्या मालकांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवून आणल्या, त्याला दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले होते, तेल-तिखट सोडा आणि रोज चाला. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग हळूहळू अर्धा तास. नाही चाललात तर पुन्हा इथेच याल, असंही म्हणाले. तिखट सुटलं. शेवभाजीवर जीव टाकणारा माणूस बिनफोडणीची वांगी मुकाट गिळायला लागला. चालणं मात्र आठवडाभरच टिकलं.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पारोळ्यात कुणाला दार बंद करता? माणसं बिस्किटांचा पुडा आणतात, चहा पितात आणि कोण कसं मेलं ते सांगून जातात. शेजारची भागाबाई तर खाटेला टेकूनच बसली.

"आमना सुपडूभाऊ बी असाच सकायले फिराले गया. पिंपळना पारजवळ पडना. पानी बी मांगं नही."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चपला घातल्या आणि परत काढल्या. "आज छाती जड वाटस," म्हणाले. मग रोजच जड वाटायला लागली. तपासणीत काही निघेना. भीतीला कोणतं मशीन लावणार?

दर सोमवारी दवाखान्यातून भाविका नावाची मुलगी फोन करून विचारते, "आबा चालतात का?" मी दर वेळी भागाबाईच्या नावाने बोटं मोडते. पोरगी बिचारी ऐकून घेते.

शेवटी मीच पदर खोचला. दारात खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला "झोपलेत" म्हणून वाटेला लावलं. भागाबाईचं तोंड एवढंसं झालं, होऊ दे. चार दिवस घरात कुणी मेलं नाही. पाचव्या दिवशी हे आपणहून उठले, चपला घातल्या, उंबरा ओलांडला. मला तर रडूच आलं.

समोरच्या घराचं बांधकाम चाललंय, रस्त्यात थोडी खडी सांडली होती. ह्यांचा पाय जरासा सरकला. झटका आला तेव्हा हा माणूस माझ्या मांडीवर पांढराफटक पडला होता, ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

"थांबा. पडशात. तुमले काही व्हयनं तर मी कोनाकडे पाहू?"

ते थांबले. हात छातीवर गेला. मीच धरून घरात आणलं, खाटेवर बसवलं आणि पुन्हा भागाबाईला शिव्या घातल्या.

"तिले काय बोलस?" ते शांतपणे म्हणाले. "भागाबाई एकच डाव बोलनी. तू रोज बोलस."

खरंच होतं. उठू नका, पडशात, हे दिवसातून दहादा माझ्याच तोंडी असायचं.

सोमवारी भाविकाचा फोन आला. "आबा चालतात का, आजी?"

"नाही."

"कशामुळे?"

तेवढ्यात ह्यांनी पाण्यासाठी खाटेवरून पाय खाली घेतला. फोन कानाशी असतानाच माझ्या तोंडून निघून गेलं, "बठा, मी देस."

त्यांनी पाय पुन्हा वर घेतला. तिकडून भाविका विचारत होती, "आजी, कशामुळे?"