चार चाकं, चार लिंबं

ज्ञानेशने व्हॅनचं सरकतं दार ओढलं तेव्हा माझी दोन बोटं त्यात होती, आणि ती त्याला दिसत होती.

कारण टायर. आमची कॅम्पर व्हॅन म्हातारी. विमानं बंद म्हणून पहिल्या लॉकडाऊननंतर हौसेने घेतलेली. हिवाळ्यासाठी त्याने कुणाकडून तरी वापरलेले टायर ठरवले. खाचा खोल, दिसायला कोरे. मी कडेवरचे आकडे वाचले: ०९११. म्हणजे २०११च्या नवव्या आठवड्यात बनलेले. रबर वाळून कडक झालेलं, गोठलेल्या रस्त्यावर धरणार नाही, एवढंच मी विकणाऱ्यासमोर बोलले. सौदा मोडला. सँट्रीला घरी परतलो आणि पार्किंगमध्ये त्याने दार ओढलं.

हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, दारात अडकली. सासूबाईंना, प्रमोदिनीबाईंना, नागपूरला व्हिडिओ कॉलवर त्यानेही तेच सांगितलं. त्या माझ्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

चार वर्षांच्या इशिताने पट्टीवर फुंकर घातली. "इट्स ग्रँड, मॅमी," म्हणाली, इथली मुलं 'ठीक आहे'साठी म्हणतात तसं. त्या फुंकरीने मी निघून जायचं ठरवलं.

माझी कॉलेजातली मैत्रीण चित्रा तीनशे किलोमीटरवरच्या ट्रलीच्या हॉस्पिटलात नर्स आहे. ये म्हणाली. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी असली तरी मार चुकवून निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही, हेही तिनेच चौकशी करून सांगितलं. गाडी मला येते. पण किल्ली ज्ञानेशच्या खिशात, झोपतानासुद्धा. आणि व्हॅनच्या झिजलेल्या टायरवर, जानेवारीतल्या काळ्या बर्फावरून, लेकीला मागे बसवून मी देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणार नव्हते. आधी टायर, मग किल्ली.

सरळ मागून काही मिळत नाही हे मला कळलेलं होतं. म्हणून मी त्याच्या ऑफिसातल्या नरेशचं कौतुक सुरू केलं. ब्लँचर्डस्टाउनचा हा नरेश काहीही घेवो, ज्ञानेशला त्याच्याहून वरचढ घ्यायचं असतं. नरेशने म्हणे साध्या गाडीला डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले, बर्फासाठीचे टायर घेतले. कॅम्परचं वजन पेलणारे वेगळे असतात, ते नरेशला कुठलं माहीत असायला, असंही मी म्हणाले. दोन दिवसांत ज्ञानेश मला समजावू लागला की कॅम्परला कॅम्परचेच घ्यावेत, ताजे बनलेले, आणि चारही एकदम. दोनच बदलले तर वळणावर गाडी फिरते. मी मान हलवत भाजी चिरत होते.

टायर मागवले त्याच संध्याकाळी इशिता त्याच्या मीटिंगमध्ये रडली. त्याने लॅपटॉप म्यूट केला, माझे केस धरले आणि डोकं किचनमधल्या कपाटाच्या कडेवर आपटलं. मग म्यूट काढून इंग्रजीत सॉरी म्हणाला, त्यांना. रक्त थांबेपर्यंत मी इशिताला मांडीवर घेऊन मनीमाऊची गोष्ट सांगत होते. माऊ शेवटी पळून जाते, असं त्या दिवशी मी पहिल्यांदा सांगितलं.

शनिवारी टायर बसवून आणले. लिंबांशिवाय ज्ञानेश नवी वस्तू रस्त्यावर काढत नाही. पार्किंगमध्ये हळदकुंकू, उदबत्ती, चाकांपुढे लिंबं, फोनवर नागपूर. कपडे मी आदल्या दिवशीच व्हॅनच्या सीटखाली कोंबले होते. पहिल्या चकरेला म्हणून इशिताला मागे पट्ट्यात बसवलं होतं. फक्त किल्ली नव्हती.

तो चढायला निघाला तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "किल्ली तिले दे."

"आई, मीच चालवतो ना."

"नवे चाकं घरच्या लक्ष्मीनंच आधी फिरवा लागतात. तू खाली उभा राह्य. मले दाखव."

असा रिवाज मी माहेरी ऐकला नव्हता, सासरीही नाही. आईसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्याने किल्ली माझ्या तळहातावर दाबली, दुखऱ्या बोटांवर, मुद्दाम.

मी इंजिन सुरू केलं. माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाचं लिंबू घरंगळलं. एका हातात फोन धरून तो वाकला आणि दुसऱ्या हाताने ते परत रबराखाली सरकवू लागला. खिडकीतून मला त्याचा हात दिसत होता. पाचही बोटं नव्या, खोल खाचांपुढे. माझा पाय क्लचवर होता. अर्धा इंच उचलला असता तर झालं असतं, आणि मला ते हवं होतं. खोटं का सांगू.

मागून इशिता काच ठोकत ओरडली, "डॅडी! माइंड युअर फिंगर्स!"

मी थांबले. त्याने हात काढला, उभा राहिला. मग मी क्लच सोडला.

लिंबं फुटली. गेटकडे न वळता परत येईन असं त्याला वाटत असावं. मी गेटकडे वळले तेव्हा तो धावला. बाजूचा आरसा धरून लोंबकळला, आरसा मोडून हातात आला, इशिताच्या काचेवर त्याने तोच हाणला. काच फुटली, इशिता किंचाळली. गेटपुढचा उतार पांढरा गोठलेला. त्याच्या सपाता सटकल्या, तो आपटला. व्हॅन घसरली नाही. चारही चाकांनी जमीन धरून ठेवली.

शहराबाहेर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबले. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. इशिता रडून रडून झोपली होती. तिच्या केसांतले काचेचे कण एकेक वेचून काढले. मग फोन वाजला. नागपूर.

"निघाली?"

"हो."



"पोरीले गरम काही घेऊन दे," सासूबाई म्हणाल्या. "अन् तू पण खा."