स्वेटर घातलेलं पिल्लू

मित्रांनो, माझ्या बाह्या कापलेल्या आहेत आणि पोटावर ठिगळ आहे, पण मी स्वेटरच आहे. मोरपंखी, हाताने विणलेला आणि आता बराच जुना.

माझी लोकर दिल्लीच्या करोल बागेतली. अरुणाने ती आणली आणि मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात बसून मला तिच्या मुलीसाठी, तनयासाठी विणलं. तनया मला घालून शाळेच्या बससाठी उभी राहिली की सोसायटीतल्या बायका माझी कड उलटून टाके बघायच्या. त्या कौतुकाने मी थोडा शेफारलोही होतो. मग तनया वाढली, मी काही वाढलो नाही. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथे डांबराच्या गोळ्यांखेरीज सोबतीला कुणी नव्हतं.

एका डिसेंबरात घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं. तनयाच्या बाबांना, जयंतला, लॅब्राडोरच हवा होता. त्या जातीचा स्वभाव साधारण माहीत असतो, असं त्याचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं. येताना पिल्लाला गुंडाळायला अरुणाने मला पिशवीत टाकलं आणि सगळे गाझियाबादच्या एका ब्रीडरकडे गेले.

"इनकी माँ कहाँ है?" अरुणाने विचारलं.

"माँ तो फार्म पे है, मैडम. आप बच्चा देखिए ना, कितना क्यूट है."

पिल्लांचे डोळे चिपडलेले होते. अरुणाने पिशवी काखेत मारली. "चला. आई दाखवत नाहीत तिथून पिल्लू घ्यायचं नाही."

"अच्छा, पुढच्या रविवारी दुसरा ब्रीडर बघू," जयंत म्हणाला.

सोसायटीच्या गेटपाशी, गार्डच्या केबिनमागे, एक तपकिरी पिल्लू राहायचं. त्याची आई गाडीखाली गेली होती.

"बाबा, हेच घेऊ या ना!"

"तनू, रस्त्याचं आहे ते. मोठं झाल्यावर कसं निघेल कोण जाणे. बिल्कुल नाही."

तनयाने हट्ट केला नाही. तिने माझ्या बाह्या कापल्या आणि मला त्या पिल्लाच्या अंगात चढवलं. कात्री चालली तेव्हा दुखलं, पण पिल्लाचं इवलंसं काळीज माझ्या आत धडधडू लागलं आणि मी दुखणं विसरलो. मला पुन्हा काम मिळालं होतं.

त्या शनिवारी एका संस्थेने सोसायटीच्या बागेत पिल्लं दत्तक देण्याचं शिबिर भरवलं. आत जाणारी माणसं गेटपाशी थांबायची, आमच्या पिल्लाला कुरवाळायची आणि म्हणायची, "ये तो किसी का है, देखो, स्वेटर पहना है." मग पुढे जायची. संध्याकाळपर्यंत शिबिरातली सगळी पिल्लं घरोघरी गेली. आमचं तिथेच राहिलं. त्याला ऊब देणारा मीच त्याच्या आड येत होतो, आणि मला तोंड नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

तनयाने ती बोलणी ऐकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, दाट धुक्यात, ती खाली आली आणि तिने मला काढून घेतलं. पिल्लू कुडकुडायला लागलं.

"सॉरी," ती त्याला म्हणाली. "पण तुला घर मिळायला हवं ना."

तेवढ्यात दूध घेऊन सरला आंटी आल्या. पलीकडच्या इमारतीत त्या एकट्याच राहतात. रोज पिल्लाला थोडं दूध घालायच्या.

"अरे, इसका स्वेटर कहाँ गया? बेटा, ये तुम्हारा है ना?"

तनयाने मागे पाहिलं. दुसऱ्या ब्रीडरकडे निघालेला जयंत गाडीची किल्ली घेऊन उभा होता. त्याने नजर किल्लीकडे वळवली.

"नहीं आंटी. किसी का नहीं है."

"किसी का नहीं? और मैं रोज़ सोचती थी, काश मेरा होता!" सरला आंटींनी पिल्लाला उचलून शालीत घेतलं आणि त्या निघाल्या.

तनया त्यांच्यामागे धावली आणि तिने मला पुढे केलं. "आंटी, अब पहना दीजिए."

ती परत फिरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. जयंतने किल्ली खिशात टाकली. "तनू, मी हो म्हणणारच होतो गं."

"मग म्हणायचं ना, बाबा."

बापलेकीचं हे बोलणं सरला आंटींनी पुढे पिल्लाला फिरवताना अरुणाच्या तोंडून ऐकलं; तेव्हा मी त्याच्या अंगात होतो, म्हणून मला ठाऊक आहे. पिल्लू आता मोठं झालं आहे आणि मी त्याचं अंथरूण आहे.

मित्रांनो, पिल्लू ब्रीडरकडून घ्या, पण त्याची आई डोळ्यांनी पाहून घ्या. रस्त्यावरचं घ्या, पण आधी डॉक्टरांना दाखवा. आणि गेटपाशी एखादं पिल्लू स्वेटर घालून बसलेलं दिसलं, तर ते कुणाचं तरी असेलच असं धरून चालू नका. विचारा. आपलं करायचं मनात असेल, तर लगेच सांगा.

तनया रोज शाळेतून आली की इथे सरला आंटींकडे येते. ती निघाली की आमचा कुत्रा तिच्यामागे दारापर्यंत धावतो. मग ती खाली बसते, त्याचं तोंड आमच्याकडे वळवते आणि म्हणते, "जा, घरी जा."